कोंडवाड्यातलं जग

सोनपेठेच्या कोंडवाड्याला कुलूप एकच होतं, पण ते रोज संध्याकाळी एकवीस वेळा लागायचं. माझा जकात नाका आणि तो कोंडवाडा यांच्यामध्ये एक भिंत होती, तीही अर्धी पडलेली. त्यामुळे हा आकडा मी ऐकीव सांगत नाही. लावायचं, ओढून बघायचं, दहा पावलं जायचं, परत यायचं, उघडायचं, आतली जनावरं मोजायची, पुन्हा लावायचं. आसपासच्या बायकांनी त्या खटक्यांवर स्वयंपाक बसवला होता. सातव्या खटक्याला चूल पेटायची, चौदाव्याला पीठ मळलं जायचं आणि एकविसाव्याला भाकरी ताटात पडायची. मुनशीजी तापानं निजले त्या दिवशी अर्धं गाव उपाशी झोपलं.

मुनशीजी म्हणजे कोंडवाड्याचे कारकून. दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं किंवा चुकलेलं जनावर कोणी हाकून आणलं की त्याचा रंग, शिंगं, डाग वहीत लिहायचे, चारापाणी करायचं आणि मालक आला की सोडायचं, हे त्यांचं काम. शाळा उर्दूत झालेली, पण मराठीतलं वर्णन असं करत की म्हशीनं ऐकलं असतं तर लाजली असती. उंची साडेसहा फूट. फारच हट्ट असेल तर सहा धरा.

एवढ्या कुलपाचं कारण म्हशी नव्हत्या. कारण कोरिया होता.

नाक्यावर दोन पेपर यायचे, एक हैदराबादचा उर्दू, एक मराठी, दोन्ही दोन-तीन दिवसांचे शिळे. मुनशीजी ते उभ्यानं वाचत. बसून वाचलं तर लढाई लांबते, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

"नाकेदार, हे परवाचं हाय," ते मला म्हणत. "परवा बॉम्ब टाकायच्या गोष्टी चालल्या होत्या. आज काय झालं असंल?"

"आज आठवडी बाजार आहे, मुनशीजी."

"म्हंजे तुमाला ठाऊक न्हाई. मंग गप बसा."

त्यांच्या डोक्याचा कारभार असा होता. कडी लावताना मनात 'लढाई' हा शब्द आला तर ती कडी बाद. पुन्हा काढायची, आणि मन साफ असताना लावायची. नाहीतर तिकडे माणसं मरणार आणि दोष यांच्या माथी. कोरियाची लढाई चालू होती तोवर त्यांनी डावा जोडा आधी घातला नाही. ती लढाई थांबली ती आपल्या डाव्या जोड्यामुळे, अशी त्यांना शंका होती. मलाही आजवर दुसरं कारण कुणी नीट पटवून दिलेलं नाही.

"मला कळत न्हाई असं वाटतं का तुमाला?" एकदा ते भिंतीवरून म्हणाले. "सगळं कळतं. माझ्या कडीचा अन् त्या मुलखाचा काय संबंध? काईच न्हाई. पण समजा असला तर?"

त्या 'समजा'नं त्यांना गिळलं होतं. पेपराला हात लागला की हात धुवायचे, कोपरापर्यंत, राखेनं घासून. थंडीत बोटांच्या पेरांना चिरा पडून रक्त यायचं. हे मात्र मी वाढवून सांगत नाही.

गावानं उपाय करायचे ते केले. कुणी दंडाला ताईत बांधला, कुणी डोक्याला थंड तेल दिलं, आणि सगळ्यांनी मिळून सल्ला दिला की जगाची काळजी आपण कशाला करायची. त्यावर मुनशीजी विचारत, "मंग कोणी करायची? नाव सांगा, मी त्याच्याकडं देऊन टाकतो."

मी माझ्या परीनं चिठ्ठीची युक्ती काढली. रोज संध्याकाळी लिहून द्यायचो, 'कुलूप लागलेले समक्ष पाहिले,' खाली सही. आठ दिवस खटके पाचावर आले. मला वाटलं, वैद्यकीत गेलो असतो तर नाव काढलं असतं. पुढे एका चिठ्ठीनं भागेना. दोन झाल्या, मग साक्षीदार लागला, मग सही माझीच का हे बघायला ते जेवण टाकून नाक्यावर येऊ लागले. शेवटी त्यांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, मला दारात गाठलं.

"भाऊ, तुमी ते कागद देऊ नगा त्येन्ला. म्हशीला एक दिस पेंड घातली की दुसऱ्या दिशी ती टोपलं हुंगीत येती. तुमी पेंड घालायलाव."

चिठ्ठ्या बंद झाल्या आणि खटके एकविसावर परत.

या सगळ्यात खरी झळ बसत होती ती त्यांच्या एकुलत्या लेकीला, गोदाला. ती दिली होती येलदरीला. जावई धरणाच्या कामावर मिस्त्री. लग्नाला चार वर्षं झाली तरी बापानं लेकीचं घर बघितलं नव्हतं. निघायचे नाहीत असं नाही, दर वेळी निघायचे. पिशवी घेऊन, टोपी घालून मोटारीपर्यंत यायचे, पाय पायरीवर ठेवायचे आणि कुलूप बघायला परत जायचे. मोटार किती थांबणार? गोदाचं पहिलं बाळंतपणही तिकडेच झालं, बारसं झालं, पोरगं चालायला लागलं, आणि आजोबा अजून सोनपेठेच्या अड्ड्यावरच. दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा तिनं जावयाच्या हातून निरोप धाडला: "आबाला म्हनावं, ह्या बारशाला न्हाई आले तर मला बाप न्हाई असं मी पाळण्याम्होरं सांगन. अन् पुन्हा सोनपेठेची वाट बघनार न्हाई."

मुनशीजींनी तो निरोप जावयाकडून तीनदा वदवून घेतला. एकदा ऐकून त्यांची खात्री कधी झाली आहे?

त्याच दिवसांत वरून मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, एक नवे साहेब आले. आम्ही नुकतेच मुंबई राज्यात गेलो होतो, आणि हे तिकडचे, शिपायालाही 'आपण' म्हणणारे. त्यांनी कोंडवाड्याची वही मागितली. मुनशीजींनी देताना कुशीतून काढावी तशी काढली. साहेब वाचू लागले, आणि मी भिंतीवरून त्यांच्या चेहऱ्याचे रंग बघू लागलो.

वहीत गाईम्हशींच्या मध्ये मध्ये अशा नोंदी होत्या:

'जनावर: ॲटम. रंग काळा. शिंगे नाहीत. शेपटीतून धूर. मालक: दोघे सांगतात, नेत कोणीच नाही.'

'जनावर: कोरिया. मधोमध दोन रंग. मालक: दोन भाऊ, भांडत आहेत.'

'जनावर: दुष्काळ. रंग भुरका. बरगड्या मोजता येतात. मालक: बेवारस.'

"हे काय आहे, मुनशी?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, डोक्यात शिरलेली ढोरं हायेत. नुसती ठेवली तर रातभर फिरतात, म्हणून लिहून कोंडली."

"सरकारी वहीत?"

"घरची वही भरली, साहेब."

मी मनात म्हटलं, गेली नोकरी. पण साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी पानं उलटली, तारखा बघितल्या आणि अगदी सरकारी आवाजात म्हणाले, "मुनशी, यातली काही जनावरं सात-सात वर्षं आत आहेत. मालक आला नाही तर मुदतीनंतर लिलाव करायचा असतो. नियम आहे. आपण लिलाव का केला नाही?"

माझी खात्री आहे की साहेबांनी थट्टा केली. मुनशीजींची खात्री होती की साहेबांनी हुकूम केला. पुढच्याच बाजारी हलगी वाजली आणि ॲटमचा जाहीर लिलाव पुकारला गेला.

दहा हजार माणूस जमलं. सोनपेठेत तेव्हा तेवढी वस्ती नव्हती, पण जमलं. मुनशीजी कोंडवाड्याच्या ओट्यावर उभे राहिले, वर्णन वाचलं, आणि म्हणाले, "बोला."

एका शेतकऱ्यानं विचारलं, "दूध देती का?"

"न्हाई."

"औताला चालती?"

"न्हाई."

"मंग खाती काय?"

"माणसाची झोप."

"फुकट दिली तरी न्हाई न्यायची," शेतकरी म्हणाला. एक म्हातारी मागून ओरडली, "माज्या घरी दोन सुना हायेत बाबा, आनखी एक काळं जनावर कशाला." आणि बाजार हसला. कडब्याच्या गंज्या हलल्या, इतका हसला.

मुनशीजी हसणं संपेपर्यंत थांबले. मग वही मिटून म्हणाले, "हसा. सात वर्षं मी एकट्यानं हिला चारा घातलाय. ती खरी हाय. खोटी असती तर एकानं तरी गंमत म्हणून हात वर केला असता. कुणी केला न्हाई. म्हंजे भेतात सगळेच. तुमी फकस्त तिला दावणीला बांधलं न्हाई, अन् मी बांधली. एवढाच फरक हाय तुमच्यात अन् माझ्यात. येडा म्हनायचं काम न्हाई."

दहा हजारांचा बाजार पांगू लागला. म्हातारीनं पदर सावरला.

संध्याकाळी ते नाक्यावर आले. "नाकेदार, नियम सांगा. लिलावात जी ढोरं गेली न्हाईत त्यांचं काय करायचं?"

"सोडून द्यायची."

"अन् पुन्हा दाराशी येऊन उभी राहिली तर?"

"राहतील उभी."

"हाकलायची?"

"हाकललं की जनावर बिथरतं, मुनशीजी. तुम्हीच मला शिकवलंय."

त्यांनी मान डोलावली. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी कुलूप वीस वेळा लावलं, आणि एकविसावा खटका झालाच नाही. गल्लीतल्या बायका पीठ भरल्या हातानं बाहेर आल्या. मुनशीजी रस्त्याच्या मधोमध उभे, अंगरखा घामानं भिजलेला, आणि मोठ्यानं कुणाला तरी म्हणत होते, "हुकूम पोचला. तामील होनार न्हाई."

हे त्यांचं नवं वाक्य, म्हणजे हुकूम मिळाला पण पाळणार नाही. डोक्यातून हुकूम सुटायचा, 'परत जा, बघ, नाहीतर जग बुडेल,' आणि हे त्याला भर रस्त्यात जबाब द्यायचे. मला म्हणाले, "निजामाचं राज गेलं, हैदराबादचं स्टेट गेलं, सगळ्याचं विलीनीकरण झालं. माझ्या डोक्यात तेवढा जुना अंमल ऱ्हायलाय. तो काई पोलिसानं उठायचा न्हाई. मलाच नाफरमानी करावी लागंल, हुकूम मोडावा लागंल." पानवाला सुरुवातीला घाबरला, त्याला वाटलं हे आपल्याला म्हणतात. पुढे सवय झाली.

असं समजू नका की मग सगळं ठीक झालं. विसावरून पंधरावर यायला पावसाळा गेला. रशियानं आभाळात उपग्रह सोडल्याची बातमी पेपरात आली त्या आठवड्यात तिसावर गेले, माझ्या मते चाळिसावर. पण पुन्हा उतरले. दर खटक्यासाठी त्यांचं डोक्याशी भांडण व्हायचं, आणि ते बहुतेक हरायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भांडायला उभे. असा चिवट हरणारा मी दुसरा पाहिला नाही. मधल्या काळात गोदाचे दिवस भरत आले. काकू महिनाभर आधी येलदरीला गेल्या, आणि एका सकाळी निरोप आला: मुलगी झाली, अमुक दिवशी बारसं.

मी नाक्यावरून रजा काढली आणि त्यांच्याबरोबर निघालो. निघण्याआधी त्यांनी मला अट घातली. "वाटंत मी इचारलं, कुलूप लागलं का म्हणून, तर सांगायचं न्हाई. पाया पडलो तरी न्हाई."

आत त्या दिवशी एकच रेडा होता. मुनशीजींनी कुलूप लावलं. एकदा. किल्ली शिपायाच्या हातात दिली आणि वळले. मोटारीपर्यंतचं अंतर दीडशे पावलांचं. आम्हाला पाऊण तास लागला. पण ते मोटारीत चढले, आणि ती निघाली. ड्रायव्हरनं विश्वास बसेना म्हणून दोनदा मागे वळून पाहिलं.

पाथरीपर्यंत ते खिडकीची दांडी धरून बसले. सेलूपर्यंत बोलू लागले. कुलूप लागलं नसेल तर रेडा सुटणार, रेडा रुळावर जाणार, गाडी पडणार, गाडीत नेमका दिल्लीला निघालेला कुणी मोठा माणूस असणार, त्याच्या पिशवीत नेमका तहाचा कागद असणार. कोंडवाड्याच्या कडीपासून तिसऱ्या महायुद्धापर्यंत पाच मुक्काम, आणि रेडा बिचारा एकटा. मी ओठ आवळून बसलो.

देवगाव फाट्यावर मोटार बदलायची होती. जिंतूरकडची आली नव्हती. आणि समोर, तोंड सेलूकडे करून, अर्धी रिकामी परतीची मोटार उभी होती. मी चहाला वळलो. परत आलो तर मुनशीजी पिशवी मांडीवर घेऊन त्या उलट्या मोटारीत बसलेले.

मी खिडकीपाशी गेलो. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"नाकेदार, एकदाच सांगा. लागलं होतं का?"

"मला काय माहीत."

"तुमी बाजूला उभे होताव."

"मी रेड्याकडं बघत होतो."

"सात वर्षं माझ्या घरचा चहा प्यालाव तुमी."

"चहा चांगला असतो काकूंचा."

"एवढं बेइमान माणूस मी निजामाच्या राज्यात बी बघितलं न्हाई," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला सांगायला काय लागत होतं? कुलूप लागलं होतं, मी पाहिलं होतं, तीन शब्दांत माणूस शांत झाला असता. आणि त्याच तीन शब्दांसाठी पुढच्या थांब्यावर त्यांनी पुन्हा टोपलं हुंगलं असतं. आयुष्यात मी पुष्कळ बोललो आहे, पण गप बसण्याचं एवढं अवघड काम पुन्हा केलेलं नाही.

कंडक्टर आला. "कुठं जायचं, बाबा?"

मुनशीजींनी पिशवी छातीशी धरली. घंटी झाली. मोटार हलली. मी धुरळ्यात उभा. पोरीला काय सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करायला लागलो होतो, तेवढ्यात मोटारीतून आवाज आला, "हुकूम पोचला. तामील होनार न्हाई."

"म्यां कुठं हुकूम केला," कंडक्टर म्हणत होता, "म्यां तर तिकीट मागायलोय."

साडेसहा फुटांचा माणूस चालत्या मोटारीतून उतरला. गुडघ्यावर पडला, धोतर फाटलं, टोपी चाकाखाली गेली. मी धावलो आणि उठवलं.

"आता बरं वाटतंय का?" मी विचारलं.

"न्हाई. लय वाईट वाटायलंय. मघापेक्षा वाईट." त्यांनी गुडघा झटकला. "पण मी हितं हाय."

आणि जिंतूरची मोटार येईपर्यंत ते तिथंच, फाट्याच्या दगडावर, त्या वाईट वाटण्याला शेजारी बसवून बसले.

येलदरीला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. पत्र्याच्या चाळी, सिमेंटची धूळ, आणि पूर्णेच्या पात्रात अर्धी उठलेली भिंत. बारसं सकाळचं होतं. पण गोदानं बाळ पाळण्यात घालूच दिलं नव्हतं. पाहुण्या बायका घुगऱ्या संपवून, जांभया देत, सासूकडे बघत बसल्या होत्या. गोदा दारात उभी. बापाचं फाटलेलं धोतर आणि उघडं डोकं तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"किती बार मागं फिरलाव?"

"एक बार बी न्हाई."

"खोटं."

"फाट्यावर उलट्या गाडीत बसलो हुतो. उतरलो."

ती तशीच वळली. आत गेली आणि बाळ आणून त्यांच्या हातात ठेवलं. मुनशीजींनी आपल्या चिरा पडलेल्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग ते हात न धुता त्यांनी नातीला छातीशी घेतलं. मागून काकू मला म्हणाल्या, "भाऊ, हे येगळंच मानूस घेऊन आलाव की." आणि पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या.

पाळणा झाला. संध्याकाळी गोदा आम्हाला भिंत दाखवायला घेऊन गेली. मुनशीजी काठाशी गेले.

"एवढं पानी थोपलं अन् फुटलं तर?"

"आबा, अजून पानी आडीवलंच न्हाई."

"आडीवतील की."

"आडीवतील. मंग?"

"मंग काई न्हाई," मुनशीजी म्हणाले. "ईचार आला, म्हणून सांगितलं."

मला दुसऱ्या दिवशी परतायचं होतं. त्यांनी आठ दिवस राहायचं ठरवलं, कुणी आग्रह न करता. सकाळी मला पोचवायला ते मोटारीपर्यंत आले, कडेवर नात. बारा-तेरा दिवसांची पोर, पण कपाळाला अशा आठ्या घालून बघत होती की जणू तीन दिवसांचा शिळा पेपर वाचतेय.

"गावात विचारतील," मी म्हटलं. "काय सांगू?"

"सांगा, नात आज्ज्यावर गेलीय." ते तिच्या कपाळाकडे बघत होते. मग आवाज खाली आला. "नाकेदार, डोकं बी माझंच आलं असंल तर लय सोसावं लागंल हिला."

ड्रायव्हरनं भोंगा दाबला. मी पायरीवर चढलो.

मुनशीजींनी नातीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "सोसंल," ते म्हणाले. "शिकवीन की. आजा जित्ता हाय अजून."